तिसऱ्या थरातला जोड

४ मार्च

बाबा,

नमस्कार. फोन करत नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मोठ्यानं बोललं की तुम्ही म्हणता, बापावर ओरडतेस. आज मला ओरडायचंच आहे, म्हणून लिहिते.

एक तारखेला दुपारी दोनच्या सुमारास तुम्ही बनवलेल्या चुंबकानं भार सोडला. मी क्रेनच्या केबिनमध्ये होते. चुंबकाला एक जाड पोलादी पत्रा चिकटलेला होता, जमिनीपासून गुडघाभर वर. तो लाकडी ठोकळ्यांवर टेकवायचा होता आणि शिट्टीवाले काका ठोकळा सरळ करत होते. ते शिट्टी वाजवायच्या आत पत्रा पडला. त्यांचा डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

काका कोण, ते तुम्हाला माहीत नाही, कारण अकरा वर्षांत तुम्ही विचारलं नाहीत. तुमचा चुंबक ट्रकवर घालून मी या भंगाराच्या यार्डात पोचवायला आले आणि परत गेले नाही, तेव्हा ज्यांनी मला घरात ठेवून घेतलं आणि क्रेन शिकवली, ते हे काका. खालून शिट्टी वाजवायची आणि वरच्याला भार कुठे न्यायचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या शिट्टीवर मी डोळे मिटून भार उचलत आले.

आता यार्डाचे मॅनेजर म्हणतात, बटण तूच सोडलंस. मी म्हटलं, नाही. मग त्यांनी कागदावर लिहिलं, "चालकाची चूक, अथवा चुंबकाची शक्ती संपली." म्हणजे एक तर मी, नाही तर तुम्ही. यार्ड धुतल्या तांदळासारखं. दोन एप्रिलला सरकारी तपासनीस येऊन चौकशी करणार आहेत. माझ्यावर ठरलं तर परवाना गेलाच, शिवाय माणसाचा पाय घेतल्याचं नाव कायमचं.

चुंबकावर पितळी पट्टी आहे. तिच्यावर तुमचं नाव आणि पुढे "आणि पुत्र". मी बटण सोडलं नाही. तुमच्या चुंबकानं भार का सोडला, ते तुम्हीच लिहून कळवा.

डावरी
(हे नावही तुम्हीच ठेवलंत)

•

८ मार्च

डावरी,

आशीर्वाद. रागात आहे, तरी ते परत घेत नाही.

त्या गृहस्थांच्या पायाचं वाचून ताटावरून उठलो. पण "चुंबकाची शक्ती संपली" हे ज्यानं लिहिलं, त्याला माझ्यासमोर आणून बसव. संपायला ती काय डब्यातली साखर आहे? अकरा वर्षं त्या चुंबकावर पोट भरलं आणि तो चालतो कसा हे त्या माणसाला माहीत नाही. खाली लिहितो ते त्याला वाचून दाखव. सावकाश वाच.

तारेतून वीज वाहते तेव्हा तारेभोवती चुंबकपणा येतो. एका तारेचा इतका थोडा, की टाचणीसुद्धा हलायची नाही. तीच तार गोल गुंडाळली की एकेका वेढ्याचा थोडा थोडा जोर एकाच दिशेला जमा होत जातो. या चुंबकात अकराशे वेढे आहेत. सगळे एकाच दिशेनं, कारण निम्मे उलटे फिरवले तर एकमेकांना खाऊन टाकतील आणि हातात शून्य येईल. मधे लोखंडाचा गाभा. तो वेढ्यांचा जोर झेलतो आणि कितीतरी पटींनी वाढवतो. लोखंड मऊ घ्यायचं, म्हणजे वीज बंद होताच ते सगळं विसरतं. कडक पोलाद घेतलं तर ते धरून बसतं आणि भार सुटता सुटत नाही. उलट्या ठेवलेल्या परातीसारखा ओतीव घाट, त्यात मधोमध गाभा, गाभ्याभोवती या वेढ्यांची कॉइल. खालचं झाकण मँगनीज पोलादाचं, कारण ते चुंबकाला दाद देत नाही. साधं लोखंड लावलं तर सगळा जोर झाकणातल्या झाकणात फिरून जिरेल आणि पत्र्यापर्यंत पोचणारच नाही.

आता कॉइल. चपटी तांब्याची तार, तिच्यावर काचतंतूची फीत, कारण शेजारचे वेढे एकमेकांना लागले तर वीज जवळची वाट धरते आणि मधले वेढे फुकट जातात. दर थरानंतर अभ्रकाचा कागद. मग वॉर्निशमध्ये बुडवून दोन दिवस भट्टीत. शेवटच्या फितीखाली माझी चिठ्ठी आहे. वेढे किती, तार कुठली, तारीख, गुंडाळणाऱ्याची सही. चाळीस वर्षांत मी एकही कॉइल चिठ्ठीशिवाय बंद केलेली नाही. उघडा आणि वाचा म्हणावं.

चुंबकानं भार सोडला म्हणजे तारेतली वीज थांबली. ती का थांबली, हे मला काय विचारतेस? लाइट गेली होती का? मी बॅटरीचं कपाट दिलं होतं, लाइट गेली तरी वीस मिनिटं भार धरून ठेवायला. ते कुणी विकून खाल्लं? आणि पट्टीवर माझ्या नावाखाली कोरलंय, दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं आराम. तार तापली की वीज पूर्वीइतकी वाहू देत नाही, मग जोर उतरतो. आराम देता का? चुंबकाला हात लावला तर चटका बसतो का?

"आणि पुत्र" टोचतं ते कळतं मला. पण पुत्र इथे दुकानात बसून पंखे विकतो आहे. पुत्रानं मला टाकून ट्रकमध्ये उडी मारली नाही.

बाबा

•

१२ मार्च

बाबा,

नमस्कार. पत्र मॅनेजरना वाचून दाखवलं. परातीपर्यंत ऐकलं, मग त्यांचा चहा आला.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. लाइट गेली नव्हती. बॅटरीचं कपाट जागेवर आहे आणि दर सोमवारी मी स्वतः तपासते. आराम मात्र देत नाही. दोन महिन्यांपूर्वी हे नवे मॅनेजर आले. कॉइल फार तापली की वीज आपोआप तोडणारं एक बटण चुंबकात होतं ना, ते दिवसातून चार-पाचदा काम बंद पाडायचं. यांनी फिटरला सांगून ते काढायला लावलं. तेव्हापासून सकाळी सातपासून चुंबक चालूच. सकाळी विजेचा काटा चाळीसवर असतो, दुपारी तिसावर उतरतो. हात जवळ नेला तरी धग लागते. मी एकदा बोलले. मॅनेजर म्हणाले, "बसायचं असेल तर घरी बस." मी बसले, केबिनमध्ये. हेही लिहून टाकते, म्हणजे तुम्हाला माझा दोष शोधत बसायला नको.

आता ते ऐका, जे मी चौकशीत सांगणार आहे. केबिनमध्ये माझ्यासमोर दोन काटे आहेत. एक विजेचा दाब दाखवतो, दुसरा वीज किती वाहते ते. बटण सोडलं की दोन्ही खाली येतात. त्या दिवशी पत्रा पडला तेव्हा दाबाचा काटा जागच्या जागी होता. फक्त वाहण्याचा काटा शून्यावर. मी स्वतः पाहिलं. बटणावर माझा अंगठा तसाच होता, काकांची किंकाळी आली तरी तसाच होता.

याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. दाब आहे आणि वाहत काही नाही, म्हणजे तार आत कुठेतरी तुटली. तुमच्या कॉइलमध्ये, तुमच्या चिठ्ठीखाली. हो, सही तुमची आहे, हे मला चांगलं आठवतं. आम्ही सगळे तुमची सही बघतच मोठे झालो.

एकतीस तारखेला तपासनिसांसमोर कॉइल उघडणार आहेत. काय सापडेल?

काका अजून दवाखान्यात आहेत. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

डावरी

•

२३ मार्च

डावरी,

आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला.

बाहेरून मोजत गेलं तर तिसऱ्या थरात एक जोड सापडेल. साधा कथलाचा डाख आहे, चांदीचा नाही. कॉइलच्या आत जोड घालायचा नाही आणि घातलाच तर चांदीच्या डाखाशिवाय घालायचा नाही, हे मी जन्मभर सगळ्यांना सांगत आलो. साधा डाख फार तापला की मऊ पडतो. तेच झालं असणार. तो जोड मी केला. घाईत होतो.

सोबत माझ्या सहीचा जबाब आहे. तो तपासनिसांना दे. त्यात मी सगळं माझ्यावर घेतलं आहे. तू काटे बघितलेस तेवढंच सांग आणि गप्प बस. परवाना तुझ्या पोटाचा आहे. माझं आता काय जायचंय? एकाहत्तर वर्षं झाली. कारखान्याची पाटी उतरवतील, उतरवू देत.

त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगू नकोस. त्यांना तो नको असेल.

बाबा

•

२६ मार्च

बाबा,

हे पत्र टपालानं नाही, ट्रकवाल्याच्या हाती पाठवते आहे. उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल. नमस्कार वगैरे राहू दे.

तिसऱ्या थरात. तुम्हाला कसं कळलं?

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ना धाकट्या भावाला, ना काकांना, ना तुम्हाला. कॉइल अजून उघडलेली नाही. तरी तुम्ही थर मोजून सांगता, डाख कुठला ते सांगता. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं. मी इकडे अकरा वर्षं समजत होते की मी बापाला फसवलं, आणि बाप तिकडे फसवून घेत बसला होता.

जोड माझा आहे. ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. काटा शून्यावर आला तेव्हा केबिनमधून उतरायच्या आधीच मला कळलं होतं. मग खाली आले, काकांचा पाय बघितला, आणि त्याच आठवड्यात तुम्हाला ते पहिलं पत्र लिहिलं. लिहिताना मला एवढंच हवं होतं, की चूक कशीही करून तुमची निघावी. इतका राग मी जन्मात कधी केला नव्हता आणि त्यातला एक शब्दही खरा नव्हता.

आता खरा राग ऐका. तेव्हा आई दवाखान्यात होती, तुम्ही तिच्यापाशी. गुरुवारी कॉइल भट्टीत जायलाच हवी होती. मी एकटी तीन दिवस गुंडाळत होते. शेवटचे चाळीस वेढे राहिले आणि रीळ संपलं. का संपलं? तुम्ही त्यातली तार कुणाच्या तरी मोटरला काढून दिली होती आणि रीळ पुन्हा तोललं नव्हतं. दुसरं रीळ यायला तीन आठवडे लागले असते. कोपऱ्यात एक तुकडा पडला होता, तो जोडला. चांदीचा डाख वितळवायला गॅसची ज्योत मारणारी बत्ती लागते. बत्ती कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली तुमच्या खिशात. कारण "पोरीनं गॅसला हात लावायचा नाही." धाकट्याला चौदाव्या वर्षी शिकवलीत. त्याला येत नव्हती, तरी शिकवलीत. मला येत होती, मी तुमचं बघून शिकले होते. पण किल्ली नव्हती. म्हणून साधा डाख दिला, फीत गुंडाळली, दोऱ्यानं बांधली. गाठ उलटी आहे, डाव्या हाताची. कॉइल उघडेल तेव्हा कुणीही बघून सांगेल.

मी घाबरले होते आणि वीस वर्षांची होते. तुम्ही साठ वर्षांचे होतात. दवाखान्यातून आलात, कॉइलवर अंगठा फिरवलात, फुगवटा लागला असणार. तुमच्या अंगठ्याला काही चुकत नाही, आणि बत्तीची किल्ली तुमच्याच खिशात, म्हणजे डाख साधाच, हेही कळलं असणार. एका शब्दात विचारलं असतंत तर मी रडत का होईना सांगितलं असतं, आणि आपण दोघांनी ते चाळीस वेढे उलगडले असते. तुम्ही काय केलंत? चिठ्ठी लिहिलीत आणि खाली सही ठोकलीत. जो गुंडाळतो तो सही करतो, हे कुणाचं वाक्य? ती कॉइल मी गुंडाळली होती. त्या सहीवरून मी घर सोडलं. मला वाटलं, तुम्ही माझं काम आपल्या नावावर केलंत. आज कळतंय की माझी चूकही केलीत, आणि तीच चूक माणसांच्या डोक्यावर अकरा वर्षं टांगून ठेवलीत.

तुमचा जबाब मी देणार नाही. तुम्ही दयाळू झालात म्हणून नाही. त्या जबाबाखाली दुसरी एक गोष्ट लपेल, म्हणून.

दुसरा जोड आहे.

त्याच महिन्यात एका ओतशाळेसाठी लहान चुंबक होता, आठवतो? आई गेल्यावर तुम्ही तीन आठवडे कारखान्यात फिरकला नाहीत. ती कॉइलही मीच गुंडाळली. तार पुन्हा कमी पडत होती. पहिला जोड खपला होता. यार्डाचा चुंबक अजून पोचवायचा होता, पण कारखान्यातल्या तपासणीत पास झाला होता, आणि तुम्ही काही बोलला नव्हतात. मग मी दुसऱ्यातही तसाच घातला. त्याच्यावर तुम्ही अंगठाही फिरवला नसेल. तेव्हा तुम्ही कशालाच हात लावत नव्हतात.

तो अजून कुठेतरी टांगलेला आहे. ओतशाळा कुठली, मला माहीत नाही. धाकट्याला फोन केला, तर म्हणाला, बाबा गिऱ्हाइकांच्या वहीला हात लावू देत नाहीत. वही काढा. आज काढा. तुम्ही सगळं आपल्यावर घेऊन मोकळे झालात तर त्या चुंबकाखाली उभ्या असलेल्या माणसाला कोण सांगणार?

डावरी

•

२९ मार्च

डावरी,

ओतशाळेच्या कचेरीतून लिहितो आहे. कागद त्यांचा आहे, शाई त्यांची आहे, आणि हे लोक मला वेडा समजतात.

ट्रकवाला परवा संध्याकाळी आला. वही काढली. पत्ता सापडला. दोन गाड्या बदलून काल सकाळी पोचलो. फाटकावरच्या माणसाला सांगितलं, तुमचा चुंबक खाली उतरवा. तो म्हणाला, साहेब जेवायला गेलेत. आत बघतो तर चुंबक चालू आणि खाली पाच माणसं लोखंडाचे तुकडे गोळा करतायत. मी सरळ आत गेलो आणि भंगाराच्या ढिगावर चढून बसलो. माझ्या डोक्यावर चुंबक उतरवता येईना, म्हणून काम थांबलं. ते ओरडत होते. ऐकू येत नसल्याचा जन्मात पहिल्यांदा फायदा झाला. तासाभरानं त्यांचा म्हातारा फिटर आला, त्यानं पितळी पट्टीवरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याला म्हटलं, हे नाव माझं आहे आणि हे नाव सांगतंय की बंद करा.

आज कॉइल उघडली. चौथ्या थरात. फीत काळी पडली होती. फिटरनं बोटानं दाबली तर जोड आत हलला. इथे अजून तरी आराम देतात म्हणून तो तगला होता. किती दिवस तगला असता, मला विचारू नकोस.

आता माझा राग. एक जोड घाबरून होतो. दुसरा घाबरून होत नाही. दुसरा होतो तो "खपतं" हे कळल्यावर. ते तुला कुणी शिकवलं, हा विचार रात्रभर डोक्यातून गेला नाही. मी शिकवलं. अंगठा फिरवला आणि गप्प बसलो, तेव्हाच शिकवलं.

का गप्प बसलो ते एकदाच लिहितो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, आठ दिवस. घरी आलो तर कॉइल तयार. तू तिच्याशेजारी फरशीवर झोपली होतीस, हाताला फोड आले होते. उठवून "उलगड" म्हणायला तोंड उघडेना. रिळाचं वजन मी केलं नव्हतं, हेही माझ्या लक्षात आलं. सही केली ती तुझं काम लाटायला नाही. उद्या काही झालं तर माझ्यावर यावं, एवढंच. शहाणपणा वाटला होता तेव्हा. आता वाटतं, सहीऐवजी तुला लाथ घालून उठवली असती तर बरं झालं असतं.

माझा जबाब फाड. दुसरा पाठवतो आहे. त्यात लिहिलं आहे की जोड तू केलास, मला माहीत होतं, आणि मी सही केली.

बाबा

•

४ एप्रिल

बाबा,

नमस्कार.

चौकशी झाली. एकतीसला कॉइल उघडली तेव्हा जोड वितळून सुटलेला, आजूबाजूची फीत जळून गेलेली. गाठ शाबूत होती. तपासनीसबाईंनी ती भिंगातून बघितली. त्यांनी विचारायच्या आत मी म्हटलं, ही माझी आहे. मग दोन तारखेला चौकशीत तुमचा दुसरा जबाब दिला. मॅनेजरांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं आता पेढे वाटतात.

बाई म्हणाल्या, "जोड अकरा वर्षं टिकला. गेल्या दोन महिन्यांत काय बदललं?" मॅनेजर म्हणाले, काहीच नाही. तेव्हा आमचा फिटर उठला. चार वाक्यं सलग न बोलणारा माणूस. त्यानं जेवणाच्या डब्यातून ते काढून टाकलेलं उष्णतेचं बटण बाहेर काढून टेबलावर ठेवलं. म्हणाला, "हे मी काढलं. यांनी सांगितलं म्हणून काढलं. लेखी द्या म्हटलं तर दिलं नाही, म्हणून जपून ठेवलं." बाईंनी ते उचललं आणि मॅनेजरांना खुर्चीवर बसायला सांगितलं. ते उभेच राहिले.

मॅनेजरांवर आणि यार्डावर खटला होणार. माझा परवाना दोन वर्षांसाठी गेला. चुंबक गरम आहे हे माहीत असून चालवल्याबद्दल. जोडाबद्दल वेगळा ठपका आहे. तुमच्या कारखान्याला नोटीस येईल. दुसऱ्या माणसानं तपासल्याशिवाय एकही कॉइल बंद करायची नाही. मला हे सगळं बरोबर वाटतं आणि तरी राग येतो. कुणावर, ते आता नीट सांगता येत नाही.

काल काका घरी आले. मी गेले. या वेळी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. मी सगळं सांगितलं, पहिला जोड, दुसरा जोड, तुमचा अंगठा. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मला वाटत होतं, तू बटण सोडलंस आणि खोटं बोलतेस. म्हणून तोंड फिरवलं." मी उठले तेव्हा म्हणाले, "तुझा बाप त्या ढिगावर चढला?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "माझ्या वेळी का नाही चढला?"

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर त्यांना लिहा. मला लिहू नका.

डावरी

•

९ एप्रिल

डावरी,

आशीर्वाद.

त्यांना लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचवं टाकलं. त्यात उत्तर नाही. तुमचं म्हणणं खरं आहे, एवढंच आहे.

ओतशाळेची कॉइल इथे आणली आहे. ते म्हणाले, ज्यांनी बिघडवली त्यांनीच फुकट करून द्यायची, आणि आमचा फिटर शेजारी बसून प्रत्येक थर तपासणार. बरोबर आहे. तो म्हातारा सोमवारी येतो आहे. माझे डोळे आता बारीक कामाचे राहिले नाहीत. थर सरळ बसतो की नाही, ते मला फक्त अंगठ्यानं कळतं, आणि त्या अंगठ्यावर माझा विश्वास उरलेला नाही. धाकटा म्हणतो, मला पंखे विकू द्या.

गुंडाळायला तू ये. माझा राग गेलेला नाही आणि तुझाही जाऊ नये. कामात बोलायचं नसतं, तेव्हा अडचण यायची नाही. रीळ तीनदा तोललं आहे, धाकट्यासमोर. शेवटच्या फितीखाली ठेवायची चिठ्ठी कापून ठेवली आहे, कोरी. तार कमी पडलीच, तर हात थांबव आणि मला हाक मार. ऐकू आलं नाही तर येऊन हलव.

पाकिटात बत्तीच्या कपाटाची किल्ली आहे. सांभाळून आण, दुसरी नाही.

बाबा